आपला खासदार

संसदेत काचेच्या खोलीत बसून दुभाषीबाई डोंगराकडच्या खासदाराचं भाषण सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगायच्या. तो "माझ्या गावाला रस्ता नाही" म्हणाला, की त्याही तितक्याच तावातावाने तसंच म्हणायच्या. त्याचा पक्ष त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा, पण त्याच्या शब्दांची धार त्यांनी कधी बोथट केली नाही.

घरी नवरा चिडवायचा, "आणि आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल कोण बोलणार?"

"आपला खासदार. दोनदा मत दिलंय त्याला," त्या म्हणायच्या.

एके दुपारी हा त्यांचा खासदार पहिल्यांदाच उभा राहिला. बाईंनी घाईने पाण्याचा घोट घेतला, माइक जवळ ओढला.

डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्याने खिडकीचा पडदा सरकवला आणि तो परत बसला.