ओंजळीएवढी जागा

सकाळच्या एसटीत ती पवनारला चढे आणि माझ्याशेजारी बसे. ती वर्ध्याच्या दवाखान्यात परिचारिका होती, मी वर्ध्यातच एका शाळेत शिक्षिका. नाव विचारण्याचे धाडस मला कधी झाले नाही. ती बोलू लागली की तिचे हातही बोलत. उलट्या धरलेल्या पेरूसारखी गर्भपिशवी, दोन बाजूंना पसरलेल्या नळ्या, बदामाएवढे बीजांडकोश, सारे ती हवेत काढून दाखवी आणि पुढच्या बाकावरचे पुरुष खिडकीबाहेर पाहू लागत. धाम नदीवरचे धुके आत येई. त्यात ते अवयव क्षणभर तरंगत राहतात, असे मला वाटे.

डॉक्टरांनी माझी पिशवी काढायला सांगितली होती. मूल नव्हते, व्हायचे वयही सरले होते. तरी माझ्याने होकार देववत नव्हता. एका सकाळी मी तिला हळूच विचारले, "काढल्यावर तिथे काय उरते?"

तिने तळहात जोडून ओंजळ केली. "हे कमरेचं हाड, बाई. पिशवी गेली का आतडी खाली सरकते अन् जागा भरते. आंग कोनतीच जागा खाली ठेवत नाई."

"आणि मला रिकामे वाटले तर?"

"वाटन. थोडे दिस वाटन," ती म्हणाली. "तवा मले सांगजा."

स्टँडवर ती नेहमीच्या घाईने उतरली. मी शाळेकडे न वळता तिच्या मागून दवाखान्याच्या वाटेने निघाले. तिने वळून पाहिले नाही. फक्त चाल थोडी मंद केली.