गाडीला न सांगितलेली बढती

धुळ्याच्या मोटारस्टँडवर तो मला रोज दिसे. सोनगीरच्या गाडीवर कंडक्टर होता तेव्हा घंटीची दोरी असूनही तो खाली उभा राहून, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा दोन थापा पत्र्यावर मारायचा. मगच ड्रायव्हर गाडी हलवायचा. पुढे बढती मिळून तो कंट्रोलर झाला. टेबल आलं, खुर्ची आली, गळ्यात शिटी आली. तरी गाडी सुटताना साहेब उठून यायचे आणि थापा मारायचे. का, ते मला कळेना.

एकदा त्या थापांवर गाडी सुटली आणि नवा कंडक्टर चहाच्या दुकानातच राहिला. तो हातातल्या बशीसकट गाडीमागे धावला. सगळा स्टँड हसला.

मला राहवेना. "भाऊ, आता शिटी आहे ना तुमच्याकडे?"

तो लाजला. "साहेब व्हयनू, हाई घरमा मायले, पोरेसले, बठ्ठासले माहीत शे. गाडीले आजून सांगेल नही."

पुढे मीही कचेरीत हेडक्लार्क झालो. नव्या खुर्चीत बसून मी माझ्या जुन्या टेबलाकडे पाहिलं. ही बातमी त्या टेबलाला सांगताना जीभ अडावी, असं आमच्या दोघांत काय होतं? बराच वेळ आठवून पाहिलं. मग फाइल उघडली.