सहा पुस्तकं आणि आत्याचा शेरा

माझ्या आत्याला पुस्तकं फार आवडतात असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. आत्याला पुस्तकांचा राग येतो. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने एक्केचाळीस वर्षं काचा घासल्या आणि निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून गल्लीतल्या वाचनालयाच्या पसंती मंडळात शिरली. तेव्हापासून तिचा वेळ जातो आणि लेखकांची अब्रू जाते.

मंडळाची रीत अशी. पुस्तकविक्रेता नवी पुस्तकं पंधरा दिवसांसाठी वाचनालयाला पाहायला देतो. मंडळातल्या पाचजणांनी ती वाटून घ्यायची, वाचायची आणि प्रत्येकावर एक पिवळं कार्ड लिहायचं. शेवटी एकच शब्द, 'घ्यावे' किंवा 'परत'. घेतलेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून ते कार्ड सहीसकट चिकटवतात. आत्याच्या कार्डांसाठी लोक आधी मागचा पुठ्ठा उघडतात. कित्येकजण तेवढंच वाचून पुस्तक जागेवर ठेवतात.

"नंबर पूर्ण चुकला तर माणूस चष्मा काढून ठेवतो," ती म्हणते. "पाव नंबर चुकला की घालतो आणि दिवसभर डोकं धरून बसतो. ही सगळी पुस्तकं पाव नंबराने चुकलेली."

गेल्या महिन्यात तिच्या वाट्याला सहा आली. रहस्यकथेवर तिने लिहिलं, 'खुनी अकराव्या पानावर कळला. पोलिसांना कळेपर्यंत माझ्या दोन दुपारी वाया गेल्या.' यशाची गुरुकिल्ली देणाऱ्या एका गृहस्थांवर लिहिलं, 'हे पहाटे चारला उठतात. यांच्या घरी भांडी कोण घासतं ते लिहिलेलं नाही. परत.' प्रवासवर्णनाचा लेखक तेरा देश हिंडून आला होता आणि प्रत्येक फोटोत तोच उभा होता. 'मागे काय होतं ते दिसत नाही,' एवढाच शेरा. कवितासंग्रहावर मात्र ती दोन दिवस अडली. एक कविता तिला इतकी आवडली की तिने ती मला फोनवर वाचून दाखवली, आणि मग उरलेल्या साठ का छापल्या म्हणून कवीवर त्याच फोनवर आगपाखड केली. फक्त मुंग्यांवरच्या पुस्तकाला बिनशर्त 'घ्यावे' मिळालं. 'लेखकाला मुंग्या आवडतात, स्वतः नव्हे.'

सहावं पुस्तक माझ्या बाबांचं होतं.

बाबा तिचे धाकटे भाऊ. आयुष्यभर पूल बांधले, आणि आता आत्मचरित्र लिहून स्वतःच छापून आणलं होतं. वाचनालयाने ते घ्यावं, गल्लीतल्या माणसांनी वाचावं, एवढी एकच आस त्यांना लागली होती. आणि पुस्तक आलं नेमकं आत्याच्या वाट्याला. ग्रंथपाल तिला म्हणाला होता, "बाई, भावाचं आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का?" तर आत्या म्हणाली, "का? मला वाचता येत नाही?"

आठवडा झाला तरी कार्ड येईना. शेवटी बाबांनी मला पिटाळलं. "तिला म्हणावं, ताई, जरा सांभाळून लिही. मला या गल्लीत राहायचंय."

मी गेले तर पाच पुस्तकं टेबलावर कार्डांसकट रचलेली आणि सहावं पलंगावर उघडं, पालथं. पुस्तक पालथं ठेवलं म्हणून आत्याने लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घातले आहेत. मी गुपचूप खुर्चीवर बसले.

"पूल छान आहेत," ती म्हणाली. "कुत्राही छान आहे. चार पानं आणि एक फोटो."

"हो, बाबांचा फार जीव होता त्याच्यावर."

"तो मी आणला होता. तुझ्या बापाला तो चावायचा." तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "पान सदतीस. मोठ्याने वाच."

मी वाचलं. 'आई लवकर गेली. वडील आजारी. परिस्थिती बिकट होती. पुढे माझ्या शिक्षणाची सोय झाली.'

"ती सोय मी," आत्या म्हणाली. "सतराव्या वर्षी शाळा सोडली आणि काचा घासायला बसले, म्हणून हा कॉलेजात गेला."

"अगं, पण हे पुस्तक त्यांच्या कामाबद्दल..."

"त्यात तुझ्या आईच्या मामेभावाचं लग्न आहे. जेवणासकट."

मग तिने विचारलं, "हे टाइप कुणी केलं?"

"मी."

"सगळं?"

दोनशे बारा पानं मी टाइप केली होती. बाबांशी स्वल्पविरामावरून भांडले होते. त्यांच्या वह्यांतलं एकेक पुसट अक्षर लावलं होतं. आत्या कुठेच नाही हे मला एकदाही जाणवलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी उलट तिच्यावरच चिडले. "मग फोन करून त्यांना सुनाव ना! मला काय ऐकवतेस?"

"मागून घेतलेलं नाव मला नको," ती म्हणाली. "तू जा आता. कार्ड उद्या देते."

कार्ड खरंच दुसऱ्या दिवशी आलं. 'पुलांची माहिती सोपी आणि खरी. इंजिनियर होऊ पाहणाऱ्यांना उपयोगी. कुत्र्याचं प्रकरण उत्तम. लेखकाला भावंडं नसावीत. घ्यावे.' खाली सही.

बाबा ते वाचून आधी खुलले. शेवटून दुसऱ्या वाक्याशी थांबले आणि म्हणाले, "ही ताई पण ना! काहीतरी गंमत करायची."

"बाबा, गंमत नाहीये ती. पुस्तकात आत्या कुठे आहे?"

"असं कसं? आहे की." त्यांनी पुस्तक ओढलं. चष्मा लावून शोधायला बसले. बालपण पाहिलं, कॉलेज पाहिलं, आभार पाहिले. पाऊण तास गेला. मला वाटलं, आता उठतील, चपला घालतील आणि तिच्याकडे जातील.

"तुझ्याकडून टाइप करताना राहिलं असेल," बाबा म्हणाले.

मी आतून तिन्ही वह्या आणून त्यांच्यापुढे आदळल्या. त्यांनी त्याही चाळल्या. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता, हे मी नाकारत नाही.

"राहिलंच गं," ते म्हणाले. "असू दे. पुढच्या आवृत्तीत घालू."

पहिल्या आवृत्तीच्या तीनशे प्रती काढल्या होत्या. त्यातल्या दोनशे ऐंशी माझ्या पलंगाखाली आहेत.