रुजायला ठेवलेला गुडघा

चहा घ्या आधी, गार होईल. तो संपेपर्यंत मी माझ्या शहाणपणाचं तुम्हाला सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या घरात सगळे हसून झालेत.

तर आमच्या घरात दुखरे गुडघे तीन. माझा उजवा आणि यशोदेचे, म्हणजे आमच्या मंडळींचे, दोन्ही. चाळीस वर्षं दोघांनी चिखलात वाकून भात लावलं, मग गुडघे काय करतील बिचारे? पेणच्या डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं, बदलून घ्या.

यशोदा घाबरली. तिची बहीण वरसेला राहते, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. दोन वर्षं झाली, यशोदा तिच्याकडे चालत गेली नव्हती. रोज आठवण काढायची. पण ऑपरेशन म्हटलं की हात जोडायची.

"आधी तुमचा होऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही कसं चालताय ते बघते. मग माझं ठरवू."

म्हणजे बघा, गुडघा माझा, पण निकाल दोघांचा!

भात झोडून झालं, शेतात वाल पेरले आणि मी जाऊन झोपलो डॉक्टरांच्या टेबलावर. शेजारच्या खाटेवर पेणचेच एक निवृत्त मास्तर होते. त्यांचाही गुडघा त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वॉकर धरून उभे राहिले आणि दारापर्यंत जाऊन आले. मलाही उठवलं, मी चार पावलं टाकली. पण मनात म्हटलं, काय हे! शिकलेला माणूस, पण शेती केलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेतीचा इथे काय संबंध?

सांगतो. भाताची लावणी झाली की रोप आधी पिवळं पडतं. मग मुळं धरतं, मग हिरवं होतं. तोवर आम्ही खाचरात पाय घालत नाही. कुणाचं गुरू शिरलं तर काठी घेऊन धावतो. चिखलात खोचलेल्या रोपाला जर एवढं जपायचं, तर हाडात बसवलेल्या गुडघ्याला किती जपायला हवं? मला तर हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांना कसं दिसलं नाही, याचंच नवल वाटलं.

घरी आलो आणि गुडघा रुजायला ठेवला. खाली मऊ उशी, वर चादर. यशोदेला सगळं समजावून सांगितलं. तिनेही भातच लावलेलं, तिला लगेच पटलं.

"व्हय वो," ती म्हणाली. "हलवू नका अजिबात. काय लागंल ते मी आणते."

चहा खाटेवर, जेवण खाटेवर, गरम पाणी खाटेवर. मुलगा डोलवीला कंपनीत जातो, त्याच्या शिफ्ट बदलत्या. त्याने विचारलं, "बाबा, चाललात का?" की मी म्हणायचो, "व्हय, झालं मघाशीच." त्याने आणलेल्या वॉकरवर माझा पंचा वाळत होता. इतका छान वाळायचा!

व्यायाम शिकवायला रोह्याहून स्नेहल नावाची मुलगी यायची, एक दिवसाआड, स्कूटीवरून. शेतकऱ्याचीच पोर, गोड बोलायची. पण गुडघा वाकवायला लागली की मला माझी मेलेली आजी दिसायची.

"बाबा, मी नसताना पण करायचं हां. दिवसातून चार वेळा. आणि गुडघ्याखाली उशी नको."

"व्हय, व्हय."

स्कूटीचा आवाज आला की उशी खाटेखाली. स्कूटी गेली की उशी गुडघ्याखाली. शाळेत साहेब तपासणीला येतात तेव्हा पोरं कशी शहाणी होतात? तसं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मला मास्तरांची दया आली. मी त्यांना फोन लावला.

"मास्तर, चालताय काय?"

"हो तर. सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत."

"अवो, काय करताय हे! लावलेलं रोप रोज हलवलंत तर ते धरंल काय?"

मास्तर म्हणाले, "तुमच्या बोलण्यात तथ्य आहे हो. आणि खरं सांगू? दुखतंसुद्धा फार."

झालं! पेणमध्ये आणखी एक गुडघा रुजायला पडला. मी समाधानाने कूस बदलली. म्हणजे बदलायला गेलो, पण पाय वळेना. लाकडासारखा झाला होता. मी म्हटलं, वा, धरलं वाटतं!

पंधरवडा झाला. स्नेहलने पिशवीतून मोठा प्लास्टिकचा कोनमापक काढून गुडघ्याला लावला. पुन्हा लावला. तिचं तोंड उतरलं.

"बाबा, हा होता तिथंच हाय. तुम्ही करताय ना सगळं?"

"करतो की."

तिने वॉकरकडे पाहिलं. पंचा तिथेच होता. त्याच्या शेजारी आता यशोदेचं लुगडंही वाळत होतं.

तेवढ्यात यशोदा चहा घेऊन आली. एक हात भिंतीला, एका हातात कप. स्नेहल तिला म्हणाली, "आई, तुमचे पाय किती दुखतायत! तुमचं ऑपरेशन कधी करायचं?"

"नको गो बाय," यशोदा म्हणाली. "ह्यांचं बघितलं ना. आधी लंगडत का होईना, शेतावर जायचे. आता मोरीपर्यंत धरून न्यावं लागतं. मला पण असंच झालं तर ह्यांना कोण बघंल? मी हाय तशीच बरी. माझं मी सांगून टाकलंय बहिणीला, मी काय आता येत नाय."

मी कप खाली ठेवला. पंधरा दिवस ती त्या दोन गुडघ्यांवर माझ्या खाटेभोवती फिरत होती, आणि मी एका गुडघ्याला उशी देऊन पडलो होतो! वर तिला वाटत होतं, ऑपरेशन केलं की माणूस असा होतो.

मी गुमान खाटेखालची उशी काढून स्नेहलच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं कबूल केलं. रोप, मुळं, खाचर, सगळं.

स्नेहलने आधी डोक्याला हात लावला, मग हसता हसता खाली बसली. "अवो बाबा, हे रोप नाय! बिजागरी हाय! दाराला नवी बिजागरी लावली आणि दार उघडलंच नाय, तर काय होईल?"

"अडकंल."

"मग? असंच राहिलं तर डॉक्टर भूल देऊन वाकवतील."

यशोदेने काय केलं माहीत आहे? वॉकरवरचे कपडे काढले आणि वॉकर माझ्यासमोर आणून आपटला.

त्या दिवसापासून मी चाललो. दात-ओठ खाऊन चाललो. ओटीवरून अंगणात, अंगणातून वालाच्या शेताच्या बांधापर्यंत. मास्तरांनाही फोन केला, तो त्यांच्या बाईंनी घेतला. त्या काय म्हणाल्या ते चहा पिताना सांगण्यासारखं नाही.

पुढे तपासणीला पेणला गेलो. बाकावर मास्तर होतेच. डॉक्टरांनी आमचे दोन्ही गुडघे पाहिले. "सुधारतायत. पण दोघांचेही इतके ताठ कसे राहिले? कुणी सांगितलं होतं झोपून राहायला?"

मास्तरांनी अदबीने माझ्याकडे हात केला. "हे आमचे तज्ज्ञ."

मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. तेवढ्यात यशोदा पुढे झाली.

"डॉक्टर, माझं पण करून टाका. दोन्ही करा. भ्यायचं कशाला होतं ते मला कळलं. गुडघ्याला नाय, ह्यांना भ्यायला हवं होतं! फक्त मी इथं असेपर्यंत ह्यांना वॉर्डात सोडू नका."

डॉक्टर हसले. मला वाटलं, गंमत करतेय. पण नाही हो! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर सिस्टरने डबा आत घेतला आणि मला बाहेर ठेवलं. मग आवारातल्या बाकावर बसलो. वर पाहिलं तर गॅलरीत यशोदा! वॉकर धरून, हळूहळू, पण आपल्या पायांनी. माझे डोळे भरून आले.

तिने खाली पाहिलं आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "बसलात काय? चाला!"

मी ताडकन उठलो. माझ्या शेजारी दोन अनोळखी म्हातारे बसले होते, तेही घाबरून उठले आणि गेटाकडे चालू लागले. एकाच्या हातात काठी होती. दुसऱ्या फेरीत दोघंही मला मागे टाकून गेले.