पाचच शेक

"हिला काय समजावत बसता? सही घ्या अन् पाठवा."

डॉक्टरीणबाई माझ्यासमोर उभ्या होत्या, पण बोलल्या शिकाऊ डॉक्टरशी. मी जणू दारातलं पायपुसणं. कळमन्याच्या बाजारात मी मिरचीचे देठ खुडते. बोटांचा तिखट वास साबणानंही जात नाही. बाईंनी नाकाला रुमाल लावला. संमतीचा कागद इंग्रजीत. शिकाऊ डॉक्टरनं बोट ठेवलं तिथं मी सही केली. शरमेनं केली.

माझी मुलगी नऊ वर्षांची. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, पण आजार जबड्यात पसरला. गाल सुजला, दात हलले. पाण्याचा घोटही ती रडत घ्यायची. मशीनच्या किरणांना आम्ही शेक म्हणतो. मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या इतर पोरांना पंचवीस-तीस शेक. हिला पाचच. म्हणजे हिचं दुखणं थोडकं, असं मीच ठरवून टाकलं. वेडी मी! दुसऱ्या दिवशी बाकावर पेढे वाटले.

कोणी तोंडात टाकला नाही. बायका पेढा हातात धरून बसल्या. एकीनं आपलं लेकरू जवळ ओढलं. आत माझ्या पोरीच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवला, तो खटक्यांनी टेबलाला अडकवला. सगळे बाहेर आले. जड दार लागलं. ती एकटी आत. दारावरचा लाल दिवा पेटला.

शेजारणीला विचारलं, "काहून नाही खात वं?"

ती खालीच पाहत म्हणाली, "माह्या भाचीलेही पाचच देल्ले होते."

भाची आता कुठे आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरा कागद. पोरगी मुखवट्यात हलते, म्हणून भूल द्यायची होती.

"लवकर कर, लाइन आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी पेन टेबलावर ठेवला.

"समजल्याबिगर सही नाही करत. मराठीत सांगा. बसून सांगा."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. मी तिची माय आहो."

बाकावरच्या बायका उठून दाराशी आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई बसल्या. शेक वेदना कमी करायला आहेत, म्हणाल्या. आजार जाणार नाही. दिवस फार नाहीत, म्हणून लेकराला जास्त फेऱ्या नकोत.

एवढंच सांगायचं होतं. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तरी मी पाचही दिवस आले असते, कारण तिचं रडणं थांबायला मला हवंच होतं. पण त्यांनी माझे तीन दिवस चोरले. पेढे वाटायला लावले मला! तो राग माझ्या पोटातून जाणार नाही.

काल पाचवा शेक झाला. आज तिनं दूधभात खाल्ला, न रडता. मग म्हणाली, "माय, आता मी बरी होईन न वं?"

बाईंनी बजावलं होतं, लहान आहे, तिला काही सांगू नका.

मी तिचा हात धरला. "दुखणं कमी होईन, बेटा. बिमारी नाही जात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली नाही. ती जे विचारेल, ते खरंच सांगेन. आणि उद्यापासून त्या बाकावर बसेन. नव्या आईला कोणी सहीसाठी पेन दिला, की तो आधी खाली ठेवायला लावेन.