मांडीवरचा नाल

आमच्या घरात कुणाला काही लागलं की घरातला प्रत्येक माणूस डॉक्टर व्हायचा, आणि जी खरोखरच डॉक्टरी शिकत होती तिला मात्र "तू गप्प बैस" म्हणायचे. ती मी. मी नुकतीच मेडिकल कॉलेजात जायला लागले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. संस्थान विलीन झालं होतं, आता त्याची फौजही विलीन व्हायची होती. निवडीसाठी लष्कराचं बोर्ड येणार, एकेका जवानाला तपासणार, पसंत पडतील ते हिंदुस्थानच्या फौजेत घेणार आणि बाकीच्यांना घरी पाठवणार, असं ठरलं होतं. घोडे तर सगळेच काढणार होते. चाळिशी उलटलेल्या आबांना घोड्यांपलीकडे काही येत नव्हतं. "घोडा नाही तर नाही, गाडी शिकेन, पण वर्दी उतरवणार नाही," हे त्यांचं एकच पालुपद.

आणि नेमके अशा वेळी ते लंगडत घरी आले. म्हणे पायरीवरून घसरलो. आत्या त्या दिवशी खासगी बाजार मोहल्ल्यातल्या तिच्या घरून आमच्याकडे आली होती. तशी ती रोजच यायची. आबांची मोठी बहीण, तिच्यापुढे त्यांची मुळीच मात्रा चालत नसे. तिने पायजमा वर करायला लावला. मांडी काळीनिळी झालेली, आणि मधोमध एक स्वच्छ अर्धगोल.

"पायरीला नाल कधीपासून ठोकायला लागले रे?" आत्या म्हणाली.

मग खरं बाहेर आलं. घोडे विकत घेणारं कुणीतरी बघायला आलं होतं, त्याने आबांच्या घोडीचं तोंड उघडून दात तपासले. घोडी बिथरली. तिला धरायला गेले आणि लाथ आबांनाच बसली. छावणीत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. इस्पितळात नोंद झाली असती तर बोर्डापुढे उभं राहायची सोयच उरली नसती. "तिची काय चूक?" ते वर म्हणतात. "परक्या माणसाने एकदम से तोंडात हात घातला तिच्या." इतका संताप आला मला! इथे धड पाऊल टाकता येत नाही आणि घोडीची वकिली चाललीय.

मी हाड चाचपून पाहिलं. हाड शाबूत होतं. "काही करू नका," मी सांगितलं. "पाय उशीवर ठेवून पडा, आपोआप जाईल." झालं! आपोआप हा शब्द आमच्या घरात कुणालाच मानवत नसे. आईने आंबेहळद उगाळली. आत्याने तीत चुना घातला. आईने विटेचा शेक दिला, आत्याने तो काढायला लावला. आबा स्वतः दर थोड्या वेळाने अंगठ्याने डाग दाबून बघायचे, दुखतंय का म्हणून. अहो, दाबलं तर दुखणारच ना! मी हात जोडले, ओरडले, जेवण सोडायची धमकी दिली. "फार शहाणी झालीय कॉलेजात जाऊन," एवढंच माझ्या पदरात पडलं.

आणि मग डाग कडेने हिरवा पडला. अगं बाई गं, काय तो गोंधळ! आत्याने सडलं म्हणून जाहीर केलं आणि जळवा लावायला निघाली. आईच्या डोळ्यांना धार लागली. आबांचा चेहरा पार उतरला. बोर्ड तोंडावर आलं होतं. त्या दिवशी मी खरोखर दारात आडवी उभी राहिले आणि आत्याला म्हटलं, जळवा आणल्यास तर तुलाच लावीन.

मग सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. लाथेने आतल्या बारीक शिरा फुटल्या. बाहेर आलेलं रक्त तिथेच मरतं. मेलेल्या त्या रक्तपेशी खाऊन टाकणाऱ्या दुसऱ्या पेशी आपल्याच अंगात असतात. त्या येतात आणि एकेक करून गिळतात. रक्ताचा लाल रंग त्यांच्या पोटात मोडतो, त्याचा आधी हिरवा होतो, मग पिवळा, मग तोही वाहून जातो. म्हणजे हिरवं दिसतंय ते सडणं नव्हे, झाडलोट चाललीय. रक्तातलं लोखंड तेवढं त्या फेकत नाहीत, नव्या रक्तासाठी ठेवून घेतात.

आत्याने तोंड वाकडं केलं. आबा मात्र कोपरावर उठून बसले. "पण बाई, त्यांना कळतं कसं? मेलेलं कोण आणि चांगलं कोण?"

मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना विचारलं. "यह इम्तिहान में नहीं आएगा, बैठ जाइए," सर म्हणाले. बसले. घरी आबा वाटच बघत होते. म्हटलं, अजून शिकवलं नाही.

"कळत असणार काहीतरी," आबा म्हणाले. "बोर्डवाल्यांनाही कळेल ना? बघितल्यावर?"

आता त्याचं उत्तर पुस्तकांत आहे. मरू घातलेल्या पेशीच्या आवरणाची आतली बाजू बाहेर येते, कोटाचं अस्तर उलटून वर दिसावं तशी. खाणाऱ्या पेशी ती ओळखतात. आणि धडधाकट पेशीच्या अंगावर, मला हात लावू नका, अशी खूण असते. तेव्हा हे ठाऊक असतं तरी आबांना सांगून काय उपयोग होता म्हणा.

पुढे डाग पिवळा झाला. पण पिवळा तो की हळद पिवळी? आईचा लेप काही थांबला नव्हता! मी चिडून मांडी साबणाने खसाखसा घासली तेव्हा कुठे कळलं की बरंचसं पिवळं आईचंच आहे. आबा अंगणात उठाबशा काढायला लागले. बोर्डाच्या दिवशी सकाळी मांडीवर काही म्हणता काही नव्हतं. इस्त्रीची वर्दी, चकाकते बूट. आत्याने दृष्ट काढली, मीही हसून काढू दिली.

दुपारी आबा परत आले ते थेट खाटेवर बसले. डॉक्टरने पळवलं होतं, बसवलं होतं, उठवलं होतं, पाठ थोपटली होती. मग टेबलामागच्या साहेबाने वय विचारलं आणि रिसाल्यातले एवढे लोक घ्यायला जागा नाही म्हणून सांगितलं. "फिट निकाला, बाई," आबा म्हणाले. "फिट निकालके घर भेज दिया."

आई आत गेली. मी त्या बोर्डाला नावं ठेवत सुटले, जीभ दमेपर्यंत. आबांनी मला मध्येच थांबवलं. घोडे सकाळीच मालगाडीत चढवले होते, त्यांची घोडीही, म्हणाले. कुठे नेले ते कुणी सांगितलं नाही.

मग त्यांनी पायजमा वर केला आणि मांडी उजेडाकडे वळवली. "जरा बघ तर. काही राहिलंय का?"

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही."

"मग गेलं. सगळं साफ झालं."

"सगळंच?" आबा म्हणाले. "थोडं ठेवायचं होतं गं. तिचं तेवढंच होतं माझ्याकडे."

"लोखंड राहतं, आबा," मी म्हटलं. "ते शरीर टाकत नाही."

त्यांनी मांडीवरून हात फिरवला. "कुठे?"

"अहो, ते असं दाखवता येतं का! रक्तात असतं ते, अंगभर असतं!" मी ओरडलेच, आणि ओरडता ओरडता मला रडू फुटलं.

"बरं, बरं, रडू नको," आबा म्हणाले आणि माझ्याच डोक्यावर थोपटायला लागले. "आहे ना आत? मग झालं."