एका पायातली चप्पल

दुपारी जेवायला मामा एकाच पायात चप्पल घालून यायचे. दुसरी आत शेडनेटखाली रोपांच्या ट्रेवर पहारा देत असायची. फवारा जिथं थांबला तिथं ती ठेवायची, म्हणजे जेवून आल्यावर पुढचा ट्रे कुठला ते शोधायला नको. अंबड रोडवरच्या आमच्या नर्सरीत सगळे कामगार त्यांना मामाच म्हणत. नवं आलेलं माणूस त्यांची ही तऱ्हा बघून हसायचं. मीही हसले होते.

पिटुनिया, झिनिया असली मोसमी फुलझाडं गिऱ्हाइकाला ठेंगणी, गच्च आणि कळीवर आलेली हवीत. मोकळी सोडली की ती सुतळीसारखी वर जातात आणि आडवी पडतात. म्हणून त्यांच्यावर वाढ रोखायचं औषध मारतात. ते काम मामांचं. रोपाशेजारी चार बोटं आडवी धरून ते उंची बघायचे आणि रोपालाच सांगायचे, "बास. आता फुलायचं बघ."

औषध पाण्यात टाकताना ते कुणाशी बोलत नसत. झाकण लावलं की मात्र ठरलेलं वाक्य यायचं. "शेंडा खुडला तर पुन्ना फुटतो, माय. औषध पडलं की पडलं. वापस घेता येत न्हाई." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

त्या हिवाळ्यात एका मंगल कार्यालयाची पिटुनियाची मोठी ऑर्डर होती. मामा जेवायला गेले आणि नेमके कार्यालयाचे लोक रोपं बघायला आले. त्यांना फोटो काढायचे होते. फोटोत चप्पल कशाला, म्हणून मी ती उचलली. ते गेल्यावर परत ठेवायला गेले, तर ट्रे कुठला ते आठवेना. पानांवरचं औषधही वाळलं होतं, त्यामुळे फवारलेले ट्रे ओळखू येईनात. अंदाजानं ठेवून दिली. मामा आले, चप्पल पायात सरकवली आणि तिथूनच फवारा सुरू केला. मी बघत होते. "मामा, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. पण मला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता आणि नोकरी टिकवायची होती. ठेवली असेल बरोबर, अशी मनाची समजूत घातली.

पंधरा दिवसांनी एक अख्खी रांग दोन बोटांवरच अडलेली दिसली. पानं काळपट हिरवी आणि कळीचा पत्ता नाही. मालक नको तेवढं बोलले. मामा ट्रेपुढे उकिडवे बसून राहिले. "दोनदा मारलं म्या," ते म्हणाले. "चप्पल बराबर ठिवल्ती असं वाटून राह्यलं. पण आता डोक्याचा भरवसा न्हाई." त्यांना कुणी काढलं नाही. चार दिवसांनी त्यांनीच औषधाचं माप माझ्या हातात दिलं आणि ते कुंभार पिंपळगावला आपल्या घरी निघून गेले. मी ते माप घेतलं. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हापासून दोन वर्षं फवारा मीच मारते. तेच ट्रे, तीच चार बोटं, गिऱ्हाइकांचं तेच "जरा बुटकी द्या हो". थकले आहे. कामानं की गप्प राहून, कळत नाही.

गेल्या महिन्यात शेवटी त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर बसले होते. मामींनी चहा आणला, तर त्यांनी विचारलं, "मघाशी न्हाई ना घेतला म्या?"

"न्हाई घेतला," मामी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तिकडून आल्यापासून असंच. दार लावलं का, जेवलो का, समदं मला इचारतेत." आणि त्या आत गेल्या.

मी कप खाली ठेवला. "मामा, त्या दिवशी तुमची चप्पल मी हलवली होती," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

ते माझ्याकडे वळले. "मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

उत्तराची त्यांनी वाटही पाहिली नाही. ताडकन उठले आणि आत बघून ओरडले, "अगं, ऐकलं का? चप्पल हिनं हलवल्ती! माझं डोकं बराबर हाय!" शेजारच्या ओट्यावर जाऊन तिथंही सांगून आले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्टँडपर्यंत सोडायला ते सोबत निघाले. वाटेत भेटेल त्याला थांबवून, "याद एकदम बराबर हाय माझी," असं सांगत होते. अर्ध्या वाटेत माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. दोन्ही चपला ओट्यापाशीच राहिल्या होत्या.

मी काही बोलले नाही.